वेणी कापायची, पण कुणासाठी?

ताई,
आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. माझी मुलगी आठवीत आहे. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. लहानपणापासून सासूबाईच तिला तेल लावतात, वेणीही त्याच घालतात. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची वर्गमैत्रीण राहते. दिवाळीनंतर त्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला. किमो सुरू झाली आणि केस गेले. तेव्हापासून माझी लेक एकच धरून बसली आहे, माझे केस मी तिला देणार. सासूबाई म्हणतात, घरात लग्नकार्य तोंडावर आलंय आणि पोरीचे केस कसले कापताय? (पुतणीचं लग्न वैशाखात आहे.) नवरा म्हणतो, हे फॅड आहे, केस शेवटी विकलेच जातात. पार्लरवाली म्हणते, रील करू दिलंत तर कापायचे पैसे घेणार नाही. शाळेतल्या बाईंना कुणीतरी सांगितलं, तर त्या सत्कार करायचा म्हणतायत. मला लेकीचं कौतुक वाटतं, पण नक्की काय करावं ते कळत नाही. परवा रात्री तिने विचारलं, "आई, ती मरेल का गं?" मी म्हटलं, "झोप आता."
– एक आई

तुमच्या नवऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. केसांना बाजार आहे आणि तो मोठा आहे. तिरुपतीला भाविक जे केस अर्पण करतात त्यांचा देवस्थान रीतसर लिलाव करतं, पैसा देवस्थानाच्या खात्यात जमा होतो. त्यात लपवाछपवी काही नाही. आपल्याकडे 'केसांवर फुगे', 'केसांवर भांडी' असं ओरडत जे फिरतात, ते कंगव्यातली गुंतवळ गोळा करून नेतात, तीही शेवटी याच बाजारात पोचते. लांब, कधी न रंगवलेले, मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने बांधलेले केस हा तर या धंद्यातला सगळ्यांत चढ्या भावाचा माल. तुमच्या लेकीची वेणी नेमकी तसली आहे. तेव्हा ती कुणाच्या हातात पडते, हे बघायलाच हवं. पण बाजार आहे एवढ्यावरून दान खोटं ठरत नाही. रक्त देताना आपण कुठल्या पेढीला देतोय ते पाहतोच ना?

मुंबईत मदत ट्रस्टचा 'कोप विथ कॅन्सर' नावाचा उपक्रम आहे. ते लोक केस स्वीकारतात आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी केसांचे टोप (विग) करवून घेतात. इतरही संस्था आहेत. कुणाकडेही पाठवा, पण आधी फोन करून सध्याचे नियम विचारून घ्या. लांबीची आणि रंगाची अट संस्थागणिक वेगळी असते, आणि बदलतही राहते. बऱ्याच ठिकाणी निदान १२ इंच मागतात. पार्लरवाली "आम्ही पाठवतो ना" म्हणाली, तर कुठे पाठवता, टोप कोण बनवतं, तो रुग्णाला फुकट मिळतो की पैसे पडतात, आणि केस पोचल्याची पोच येते का, एवढं विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर वेणी स्वतः कुरियर करा. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हेही विचारता येतं, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये. आणि 'केसदानाच्या सर्टिफिकेटवर टॅक्स वाचतो' असं जर कुणी सांगितलं (आपण पुणेकर, हा प्रश्न मनात येणारच), तर तिथून सरळ उठा. प्राप्तिकरातली सवलत पैशांच्या देणगीवर असते, वस्तूंवर नाही.

आता लेकीकडे येते. तिला टोप कसा बनतो ते सांगा. आठवीतल्या मुलीला हे ऐकायला आवडेल, आणि पुढचं बोलणं त्यावरूनच सोपं होईल. डोक्याच्या मापाची एक बारीक जाळीची टोपी असते. तिच्या एकेका छिद्रातून आकडी असलेल्या सुईने दोन-चार केस ओढून घेऊन गाठ मारायची. केस गाठीपाशी दुमडला जातो, म्हणजे दिलेल्या लांबीतली बरीच लांबी तिथेच खर्ची पडते. शिवाय वेणीतले आखूड केस आधीच वेगळे काढलेले असतात. म्हणून एका टोपाला पाच-सहा जणींच्या वेण्या लागतात, कधी त्याहून जास्त, आणि हाताने गाठी मारायच्या तर कित्येक आठवडे जातात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात, मुळाकडून टोकाकडे उतरते. सगळे केस एका दिशेने असतील तर ते एकमेकांवरून सरकतात. उलटसुलट झाले की खवल्यांत खवले अडकून जटा होतात. गुंतवळ किंवा पार्लरच्या फरशीवरून गोळा केलेले केस अशा संस्था घेत नाहीत, त्याचं कारण हे.

हे सगळं ऐकून झालं की तिच्या लक्षात येईल, किंवा तुम्हाला सांगावं लागेल, की तिची वेणी तिसऱ्या मजल्यावर पोचणार नाही. ती चार अनोळखी मुलींच्या वेण्यांत मिसळेल आणि महिन्यांनी एखाद्या अनोळखी बाईच्या डोक्यावर जाईल. हो, बाईच्या. आपल्याकडे दान केलेल्या केसांचे टोप लहान मुलांपेक्षा मोठ्या बायकांना जास्त लागतात, विशेषतः स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांना. अमेरिकेत १९९७ साली 'लॉक्स ऑफ लव्ह' नावाची संस्था निघाली, ती मुलांसाठीच आहे. पण तिचे टोपही प्रामुख्याने ज्यांचे केस दीर्घकाळासाठी किंवा कायमचे गेलेत अशा मुलांना मिळतात. किमोचं तसं नसतं. किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात, केसांच्या मुळातल्या पेशी भराभर वाढणाऱ्या असतात, म्हणून त्या सापडतात. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. जोरदार औषधांचा टप्पा संपला की ते परत येऊ लागतात, कधीकधी आधीपेक्षा कुरळे. ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालू शकतात, पण शेवटचा लांबलचक टप्पा सौम्य औषधांचा असतो आणि त्यात मुलं डोक्यावर केस घेऊन शाळेत जातात. दिवाळीनंतर उपचार सुरू झालेत म्हणता. म्हणजे टोप बनून येईपर्यंत मैत्रिणीच्या डोक्यावर तिचेच बोटभर केस आलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि तिला टोप हवा आहे का, हे कुणी विचारलंय? बऱ्याच मुलांना नको असतो. टोचतो, खाजतो. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर डोक्यावर काहीच नकोसं होतं. सुती रुमाल किंवा टोपी बरी वाटते. काहींना मात्र खरोखर हवा असतो, लग्नाला जायचं असतं, शाळेचा फोटो असतो. तेरा-चौदाव्या वर्षी तर हवासा वाटू शकतोच. तिला मनापासून हवा असेल तर तिच्या आईला उपचार चालू असलेल्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारायला सांगा. टोप कुठून मिळतात हे त्यांना माहीत असतं. तुमच्या लेकीच्या वेणीची वाट बघायचं कारण नाही.

हे ऐकून लेकीचा उत्साह मावळला तर मावळू दे. मावळला नाही, तर तिचे केस द्यायची वेळ आली आहे असं समजा. मला यात एवढंच महत्त्वाचं वाटतं, की तिने केस अनोळखी माणसासाठी द्यावेत आणि मैत्रिणीसाठी जे करायचं ते वेगळं करावं. दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या तर दोन्ही बिघडतात. 'हे मी तुझ्यासाठी केलं' हे ओझं आजारी मुलीने का वाहावं? तिला आधीच दिवसभर सगळ्यांना 'थँक्यू' म्हणावं लागत असणार.

दुसरी भीती याहून मोठी आहे. आपल्या घरांत केस देण्याची रीत नवीन नाही. जावळ काढतो, मुंजीत डोकं करतो, नवस फेडायला तिरुपतीला जातो. त्यामुळे सासूबाईंना पटवताना 'हा नवसच समजा' असं म्हणायचा मोह तुम्हाला होईल, आणि कदाचित त्या लगेच तयारही होतील. तेवढं करू नका. लेकीच्या मनात 'मी केस दिले की ती बरी होईल' असा सौदा आत्ताच चालू असेल, मुलांच्या मनात तो असतोच. उद्या मैत्रिणीची तब्येत बिघडली, तर हिला वाटेल आपलंच काहीतरी कमी पडलं. केस कापण्याचा आणि मैत्रीण बरी होण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत, एकदा नाही तर दोन-तीनदा सांगा.

मग सासूबाईंना पटवायचं कसं? वाद घालून तर मुळीच नाही. त्यांच्या वयाचं माणूस 'मुलीचे केस कापू नयेत' म्हणतं तेव्हा त्यामागे निव्वळ हट्ट नसतो. त्यांच्या आज्यांनी पेठांमधल्या वाड्यांत केशवपन झालेल्या, लाल आलवणातल्या विधवा बायका डोळ्यांनी पाहिल्या असतील. बाईचे केस गेले म्हणजे तिचं सगळंच गेलं, हे त्या पिढीने पाहून शिकलेलं आहे. तुमच्या सिंहगड रस्त्यावरून नदी ओलांडली की कर्वेनगर, म्हणजे जुनं हिंगणं. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. इतकी ही गोष्ट जवळची आहे. सासूबाईंना अंधश्रद्धाळू म्हणू नका. 'लग्न तोंडावर' म्हणतायत, तर लग्न होऊ द्या. लग्नात लेक लांब वेणीत गजरा माळून मिरवू दे, फोटो निघू देत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे थांबल्याने संस्थेला थोडी जास्त लांबी मिळेल, दुसरं काही बिघडणार नाही. तेवढ्या वेळात लेकीचा निर्णय टिकतो की नाही, तेही कळेल.

आणि लग्न झालं की शेवटची वेणी सासूबाईंनाच घालायला सांगा. यात भावनेपेक्षा सोय जास्त आहे, कारण वेणी घट्ट आणि सारखी लागते. वर आणि खाली पक्कं रबर बांधायचं आणि वरच्या रबराच्या वर कात्री चालवायची. हे काम तुमच्या घरात त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही. लांबी मोजताना वरच्या रबरापासून खाली टोकापर्यंत मोजा, डोक्यापासून नव्हे. बऱ्याच जणींची तिथेच दोन-तीन इंचांची फसगत होते. स्टेपकट असेल तर सगळ्यांत आखूड बटही अटीत बसते का, ते बघा.

केस आदल्या दिवशी धुवा. त्या आठवड्यात तेल नको, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सवयीने वाटी घेऊन बसतील. केस पूर्ण वाळलेले हवेत. पार्लरमध्ये कापायच्या आधी सवयीने पाण्याचा फवारा मारतात, तो मारू देऊ नका. ओले केस पिशवीत गेले की बुरशी धरते आणि सगळीच मेहनत वाया जाते. पाऊस सुरू झाल्यावर पाठवत असाल तर अजून जपा. मेंदी लावली असेल, विशेषतः काळी मेंदी, तर संस्थेला सांगा. त्यात रंग असतो आणि काही जण असे केस घेत नाहीत. तुमच्या लेकीच्या वयाला तो प्रश्न बहुधा नसेल. वेणी कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत, नाव-पत्त्याची चिठ्ठी आत. झालं.

केस कापल्यावर पहिले काही दिवस तिला रडू येईल. मान हलकी लागेल, आरशात दुसरीच मुलगी दिसेल. 'तूच म्हणाली होतीस ना' हे वाक्य तेवढं गिळून टाका. १२ इंच परत यायला साधारण दोन वर्षं जातात, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या सुमारास ती पुन्हा आजीपुढे वेणीला बसेल. हा हिशोब तिला कापायच्या आधी सांगा, नंतर नाही.

रील नको. पार्लरवालीला कापायचे जे काय पैसे असतील ते द्या आणि गप्प घरी या. मला रील करणाऱ्यांचा राग नाही. एखादीने पाहून आणखी दहा जणी देत असतील तर चांगलंच आहे. पण तुमच्या लेकीच्या रीलखाली 'कुणासाठी?' असा प्रश्न येणारच, आणि उत्तर अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा आजार त्यामुळे दुसऱ्याच कुणाच्या कौतुकाचा विषय होऊन बसेल. शाळेच्या बाईंनाही तेच सांगा. सत्काराऐवजी त्यांनी त्या मुलीच्या राहिलेल्या अभ्यासाचं काय करायचं ते बघितलं, तर शाळेने खूप काही केलं असं होईल.

मैत्रिणीला मात्र आधी सांगायचं. परवानगी घ्यायची म्हणून नाही, तर एका सकाळी लिफ्टमध्ये कापलेले केस दिसून तिला धक्का बसू नये म्हणून. साधं सांगायचं, "मी केस देणारे, एका संस्थेला." ती म्हणेल, "वेडी आहेस का, एवढे छान केस!" किंवा काहीच म्हणणार नाही. चिडेलही कदाचित. या उपचारांत स्टेरॉइड असतात. त्यांनी चेहरा सुजतो, भूक खवळते, मूड कुठल्या कुठे जातो. केसांपेक्षा तिला सुजलेल्या गालांचंच जास्त वाईट वाटत असेल, तर आश्चर्य वाटू नये. चिडली तर लेकीने ते मनावर घ्यायचं नाही.

मैत्रीण म्हणून लेकीने काय करायचं, हे खरं अवघड आहे, कारण ते रोजचं आहे आणि त्याचा फोटो निघत नाही. वह्यांचे फोटो पाठवायचे. वर्गात कोण कुणाशी भांडलं ते सांगायचं. आजाराबद्दल ती बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर आपण काढायचं नाही. भेटायला जायच्या आधी तिच्या आईला मेसेज करायचा, "आज पेशी कशा आहेत?" पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा साधा सर्दी-खोकलाही धोक्याचा असतो. त्या दिवसांत जायचं नाही, व्हिडिओ कॉल करायचा. तुमच्या घरात कुणाला ताप असेल, किंवा लेकीच्या वर्गात कांजिण्या निघाल्या असतील, तर पेशी चांगल्या असल्या तरी जाऊ नका, आणि ते त्यांना कळवा. उलट बाजूने काहीच भीती नाही. कर्करोग शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. सोसायटीत कुणी तसं कुजबुजत असेल तर ते तुम्ही थांबवा, लेकीवर सोडू नका.

तुम्ही स्वतः काय कराल? डबा द्यायचा असेल तर ताजं, गरम, नीट शिजवलेलं द्या. कोशिंबीर, कच्च्या चटण्या, बाहेरचं काही नको, आणि देण्याआधी विचारा, कारण आहाराचे नियम त्यांचे डॉक्टर ठरवतात. त्या घरात दुसरं लहान मूल आहे का? असेल तर त्याच्याकडे सध्या कुणाचंच लक्ष नाही, हे मी न बघता सांगते. संध्याकाळी त्याला तुमच्याबरोबर खाली खेळायला न्या, त्याचा गृहपाठ तुमच्या घरी होऊ दे. त्या आईवर याहून मोठा उपकार दुसरा नाही.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येते, ज्यावर तुम्ही "झोप आता" म्हणालात. मला वाटतं, तो प्रश्न परत येईल, आणि आला नाही तर तुम्हीच काढा. दिवसा काढा, दोघी काहीतरी काम करत असताना. समोरासमोर बसून नको. "नाही गं, काही होत नाही," असं म्हणू नका. ते तुमच्या हातात नाही आणि मुलांना ते बरोबर कळतं. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा. लहान मुलांत सगळ्यांत जास्त आढळणारा ल्युकेमियाचा प्रकार उपचारांना चांगली दाद देतो. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. याचं कारण तिथे निदान उशिरा होतं, औषधं मिळत नाहीत, किंवा पैसा आणि राहण्याची सोय नसल्याने उपचार मध्येच सुटतात. हा फरक मिटावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं लक्ष्य ठेवलं. तुमच्या शेजारच्या मुलीचं निदान झालंय, उपचार चालू आहेत, घरचे तिच्यामागे उभे आहेत. एवढं सांगून मग म्हणा, "बऱ्याच मुली यातून बऱ्या होतात. ही होईल अशी मलाही आशा आहे. नक्की मला माहीत नाही, तिच्या डॉक्टरांनाही आज माहीत नसेल. काही वाईट कळलं तर मी तुझ्यापासून लपवणार नाही." शेवटचं वाक्य बोललात तर ते पाळावं लागेल. ती रडली तर रडू द्या, तुम्हाला रडू आलं तरी चालेल.

राहिले तुमचे नवरे. त्यांना फॅड आवडत नाही ना? मग त्यांच्यासाठी अगदी कोरडं काम आहे. किमोने प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरतात, आणि या मुलांना त्या पुन्हा पुन्हा चढवाव्या लागतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही, दाता आयत्या वेळी लागतो. एका माणसाकडून यंत्राने फक्त प्लेटलेट्स काढून घेऊन बाकीचं रक्त त्याला परत देतात. तासा-दीड तासाचं काम असतं. एकाच्या त्या प्लेटलेट्स साध्या रक्तदानातून मिळणाऱ्या पाच-सहा पिशव्यांच्या बरोबरीच्या असतात. वजन ५० किलोच्या वर हवं, हातावरची शीर चांगली हवी, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. त्यांनी त्या मुलीच्या वडिलांना विचारावं की त्यांची मुलगी ज्या रुग्णालयात आहे तिथे कुठली रक्तपेढी चालते, आणि तिथे जाऊन आधीच तपासणी करून नाव नोंदवून ठेवावं. तुम्हीही जा, पण हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर परत पाठवतील. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं तिथेच अडतं, तेव्हा ते आत्ताच तपासून घ्या. मे महिन्यात कॉलेजची पोरं गावाला गेलेली असतात आणि रक्तपेढ्यांची ओढाताण होते. फोन येईल तो बहुधा नेमका वैशाखातच, लग्नाच्या गडबडीत. हॉलवाल्याशी आणि केटररशी बोलायला दुसरं कुणीतरी ठेवा, आणि नवऱ्याला जायला मोकळं ठेवा.